कामगार महिनाभराहून जास्त आजारी असेल तर: रजा, कागद, लाभ आणि परतीचे वेळापत्रक

चार दिवसांचा ताप असो की चार महिन्यांचा क्षयरोग, मस्टरवर दोन्हींचा गैरहजेरीचा ‘ए’ सारखाच दिसतो. लांबलेल्या आजारपणाचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. सुपरवायझरला वाटते एचआर बघत असेल, एचआरला वाटते कामगार कळवेल, कामगाराला वाटते कंपनीला सगळे माहीत आहे. मग तिसऱ्या महिन्यात कोणीतरी ‘विनापरवानगी गैरहजेरी’ची नोटीस टाइप करून सहीला ठेवतो. पुढचे सगळे महाराष्ट्रातल्या अशा कारखान्यासाठी किंवा ऑफिससाठी आहे, जिथे एचआर म्हणजे एकच माणूस आणि पगारपत्रकही तोच करतो.

कायद्याबद्दल एक गोष्ट आधीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी, औद्योगिक विवाद वगैरे जुने कायदे त्यांत सामावले गेले. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढे संक्रमणाच्या काळात चालू राहतात. खालचे आकडे रोजच्या व्यवहारातले आहेत, पण नोटिशीत किंवा पत्रात कलमाचा क्रमांक टाकायचा असेल तर त्या दिवशी सल्लागाराकडून तपासून घ्या. जुने कलम टाकलेले पत्र समोरच्या वकिलाला आयतेच सापडते.

पहिल्या आठवड्यात ठरवायच्या दोन गोष्टी

पहिली: हे आजारपण कामामुळे आले आहे का? प्रेसवर बोट गेले, गोडाऊनच्या शिडीवरून पडला, रसायनामुळे त्वचेचा विकार झाला, तर हा मामला साध्या आजारपणाचा राहत नाही. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, यातच मोडतो. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराचा अपघात अहवाल दुखापत गंभीर असेल तर लगेच, एरवी २४ तासांत ऑनलाइन भरायचा असतो. ‘आधी बरा होऊ दे, मग बघू’ म्हणून हा अहवाल राहतो आणि सहा महिन्यांनी अपघात झाल्याचे सिद्ध करायला साक्षीदार शोधावे लागतात. फरक पैशांतही आहे. कामावरच्या दुखापतीसाठी ईएसआय सरासरी वेतनाच्या ९० टक्के देते, अपंगत्व टिकेल तोवर देते, आणि त्यासाठी अमुक इतके दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कालच रुजू झालेल्यालाही तो लाभ मिळतो.

दुसरी: माणूस ईएसआयमध्ये आहे की बाहेर? दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला (दिव्यांग असेल तर २५,०००) कामगार ईएसआयमध्ये येतो. वर्गणीत मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. ठेकेदाराचा माणूस असेल तर त्याचा विमा क्रमांक आणि शेवटचे तीन महिने वर्गणी भरल्याचा पुरावा ठेकेदाराकडून त्याच दिवशी मागवा. ठेका बदलला की नव्या ठेकेदाराच्या यादीतून सगळ्यात आधी गळतो तो आजारी माणूस, कारण गेटवर तो दिसत नाही.

आपल्याकडे कारखान्यांच्या किंवा दुकाने-आस्थापनांच्या कायद्यात ‘आजारपणाची रजा’ म्हणून वेगळा हक्क दिलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि कामाच्या दर २० दिवसांमागे एक हक्काची रजा, तीही ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या रजा नियमावलीत काय लिहिले आहे ते काढून वाचा. काहीच लिहिलेले नसेल तर या माणसासाठी काय करणार ते एका पानावर लिहून काढा आणि पुढच्या माणसालाही तेच लावा. एकाला मालकांच्या ओळखीने सहा महिने पगार आणि दुसऱ्याला पंधराव्या दिवशी नोटीस, हे कामगार कधी विसरत नाहीत.

ईएसआयमधला कामगार: पैसे कुठे अडकतात

आजारपणाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के मिळतो, तोही वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मागचे आजारपण संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला तर मात्र हे दोन दिवस कापले जात नाहीत. १८,००० रुपये पगार असलेल्याचे एप्रिल ते सप्टेंबरचे वेतन १,०८,००० रुपये, दिवस १८३. सरासरी साधारण ५९० रुपये आणि लाभ रोजचा ४१३ रुपयांच्या आसपास. पूर्ण ९१ दिवसांचे साडेसदतीस हजार होतात. हा हिशेब कामगाराला पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडून द्या. घरात महिन्याला किती येणार हे त्याला कळले की पतपेढीचा हप्ता, खोलीचे भाडे, शाळेची फी यांची सोय तो स्वतःच बघतो.

सहामाहीचे गणित मात्र कामगाराला जाऊद्या, बऱ्याच एचआरवाल्यांनाही नीट ठाऊक नसते. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ ठरतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. समजा, एक ऑपरेटर १ मे २०२६ पासून आजारी पडला. मे आणि जूनसाठी २०२५ च्या एप्रिल-सप्टेंबरचे दिवस मोजले जातील, जुलैपासून ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ चे. इथवर ठीक. पण एप्रिल-सप्टेंबर २०२६ या सहामाहीत त्याचे एप्रिलचे ३० दिवसच भरले आहेत. तो १ सप्टेंबरला परत आला तरी एकूण ६० दिवस होतात, म्हणजे जानेवारी २०२७ पासून पुढचे सहा महिने त्याला साधा आजारपणाचा लाभ नाही. १४ ऑगस्टला रुजू झाला तर साप्ताहिक पगारी सुट्ट्या धरून बरोबर ७८ भरतात. याचा अर्थ अर्धवट बरा असलेल्याला ऑगस्टमध्ये ओढून आणा असा नाही. पण डॉक्टर १० तारखेला फिट म्हणत असताना ‘पंधरा ऑगस्टची सुट्टी होऊ दे, मग सोमवारी ये’ असे सांगणाऱ्याने त्याचे काय जाते ते जाणावे.

नव्याने ईएसआयमध्ये आलेल्याला पहिले नऊ महिने आजारपणाचा रोख लाभ मिळत नाही. उपचार मात्र पहिल्या दिवसापासून मिळतात.

९१ दिवस संपत आले की विस्तारित आजारपण लाभाचे बघा. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात, मणक्यातली गादी सरकणे, स्किझोफ्रेनिया अशा ३४ दीर्घ आजारांसाठी वेतनाच्या ८० टक्के रक्कम, दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. अट अशी: दोन वर्षे सलग विमाधारक नोकरी आणि मागच्या चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी. निदान यादीतले आहे की नाही ते दवाखान्याच्या कागदावरच्या शब्दांवर ठरते. नुसते ‘पाठदुखी’ लिहिलेल्या सर्टिफिकेटवर काही होत नाही. म्हणून साधारण साठाव्या दिवशी कामगाराला सांगा, की ईएसआयच्या डॉक्टरांना एमआरआयचा अहवाल दाखवून निदान नीट लिहून घे. नव्वदाव्या दिवसानंतर ही धावपळ सुरू केली तर मधले दोन महिने घरात काहीच येत नाही.

आता कंपनीच्या बाजूच्या चुका. यातली पहिली सगळ्यात महाग.

महिन्याची वर्गणी १५ तारखेपर्यंत भरताना पोर्टलवर प्रत्येक कामगारापुढे दिवस आणि वेतन टाकायचे असते. आजारी माणसापुढे दोन्ही शून्य येते आणि पोर्टल कारण विचारते. त्या यादीत ‘रजेवर’ आहे आणि त्याच्या लगेच खाली ‘नोकरी सोडली’. घाईत दुसरे निवडले जाते, शेवटच्या कामाची तारीख टाकली जाते, चलन भरून होते. तिकडे ईएसआयच्या शाखा कार्यालयाच्या नोंदीत तो माणूस तुमचा राहत नाही आणि पुढचा दावा अडतो. कामगार दोन महिने दवाखाना ते शाखा कार्यालय हेलपाटे घालतो आणि दोष ईएसआयला देतो. म्हणून शून्य दिवस असलेल्या प्रत्येक नावाचे कारण चलन भरण्याआधी दुसऱ्या माणसाने वाचावे. पीएफच्या फाइलमध्येही हे दिवस ‘एनसीपी’ (वर्गणी नसलेले दिवस) म्हणून दाखवायचे, नाव काढायचे नाही. नाव पटावर असेल तर दुर्दैवाने काही झाल्यास पीएफच्या ठेवसंलग्न विम्याचा दावाही कुटुंबाला करता येतो.

दुसरी चूक चांगुलपणातून होते. मालक म्हणतात, ‘त्याच्या शिल्लक रजा लावून पगार काढा.’ ज्या दिवसाचा रजेचा पगार मिळाला त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही. शाखा कार्यालय फॉर्म १० पाठवून विचारते, की हा माणूस अमुक तारखांना खरेच कामावर नव्हता का आणि त्याला रजेचा पगार दिला का. तुम्ही खरे उत्तर दिले की वसुली निघते, खोटे दिले तर गुन्हा. तेव्हा आधीच ठरवा. पहिल्या दोन कोऱ्या दिवसांना नैमित्तिक रजा लावा, पुढे लाभ चालू असेतोवर बिनपगारी, आणि हक्काच्या रजा राखून ठेवा. ९१ दिवस संपल्यावर आणि विस्तारित लाभ मंजूर होईपर्यंत त्याच उपयोगी पडतात. कंपनीला वरून मदत करायची असेल तर ती सानुग्रह म्हणून वेगळ्या पत्राने द्यावी. रजेच्या पगारात मिसळू नये.

फॉर्म १० आला की तो लगेच भरून पाठवा. तो टेबलावर पडला असताना कामगाराचा दावा तिकडे तसाच अडलेला असतो.

ईएसआयबाहेरचा कर्मचारी

इथे जे काही आहे ते कंपनीच्या नियमांतले. साधारण क्रम असा ठेवतात: आजारपणाची पगारी रजा, मग नैमित्तिक, मग हक्काची, मग बिनपगारी. बिनपगारी सुरू होण्याच्या निदान १५ दिवस आधी कर्मचाऱ्याला लेखी कळवा. पगार जमा व्हायच्या दिवशी बँकेच्या मेसेजमधून त्याला ते कळणे वाईट. ग्रुप मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख बघा. यादी नव्याने पाठवताना बिनपगारी रजेवरचा माणूस आणि त्याचे कुटुंब वगळले जात नाही ना, ते स्वतः तपासा. ग्रुप अपघात विमा असेल तर त्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी साप्ताहिक रक्कम आहे का ते पॉलिसीत पाहा; हा दावा बहुतेक जण करतच नाहीत. आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते आणि ती यूएएनच्या (पीएफच्या कायम खाते क्रमांकाच्या) पोर्टलवरून कर्मचारी स्वतः मागू शकतो. केवायसी आणि बँक खाते जुळलेले नसेल तर मात्र अडतो, तेवढे जुळवून द्या.

संपर्क कोणी, किती वेळा, काय बोलायचे

एकच माणूस ठरवा. शक्यतो थेट वरिष्ठ नको. आजारी माणसाला त्याच्या प्रत्येक फोनमध्ये ‘कधी येतोस’ हेच ऐकू येते. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एक फोन, पुढे पंधरा दिवसांनी एक, वार आणि वेळ ठरवून. कर्करोगाच्या उपचारात किंवा मानसिक आजारात कर्मचारी म्हणाला, बायकोशी किंवा भावाशी बोला, तर तसे. ते त्याच्याकडून एका ओळीच्या मेसेजवर घेऊन ठेवा.

फोनवर चार गोष्टी पुरतात: तब्येत कशी आहे, सर्टिफिकेट कोणत्या तारखेपर्यंतचे आहे, पुढची तपासणी कधी, आणि कंपनीकडून काही कागद अडले आहेत का. निदान काय, कोणत्या गोळ्या, हे विचारायचे नाही. त्याने आपणहून सांगितले तरी मस्टरच्या शेऱ्यात किंवा सुपरवायझरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते जाता कामा नये. मानसोपचाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही व एड्स कायद्याने नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली आहे आणि शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला सांगितले आहे. वैद्यकीय कागदांची फाइल वेगळी, कुलपात. पगाराच्या फाइलमध्ये फक्त ‘प्रमाणित आजारपण, या तारखेपासून या तारखेपर्यंत’ एवढेच.

प्रत्येक फोननंतर तारीख आणि दोन ओळी लिहून ठेवा. आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास एक पत्र जाऊ द्या. मजकूर असा चालेल:

‘श्री. … यांस, आपण दि. … पासून आजारपणामुळे रजेवर आहात व आपले वैद्यकीय प्रमाणपत्र दि. … पर्यंतचे आमच्याकडे पोचले आहे. आपली नोकरी चालू आहे. पुढील प्रमाणपत्र सदर मुदत संपल्यापासून तीन दिवसांत स्वतः, घरच्यांमार्फत किंवा फोटो काढून पाठवावे. दि. … पासून आपली रजा बिनपगारी धरली जाईल. ईएसआयच्या लाभासाठी लागणारी माहिती आम्ही वेळेवर पाठवू. काही अडचण असल्यास … यांना या क्रमांकावर कळवावे. आपल्या प्रकृतीस लवकर आराम पडो.’

‘आपली नोकरी चालू आहे’ हे वाक्य गाळू नका. ते वाचायला मिळावे म्हणूनच घरचे लोक पाकीट उघडतात.

काम कोण करणार

पहिला महिना ओव्हरटाइमवर निघतो, दुसऱ्यात उरलेले दोघे चिडचिडे होतात. सहा आठवड्यांच्या पुढे जाणार असे दिसले की तात्पुरता माणूस घ्या. नेमणूकपत्रात ‘अमुक पदावरील कर्मचारी रजेवर असल्याने, तो रुजू होईपर्यंत किंवा दि. … पर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर’ असे स्पष्ट लिहा. हे न लिहिता घेतलेला माणूस वर्षभर टिकला की मूळ माणसाला जागाच उरत नाही, आणि मग आजारपणाचे प्रकरण कपातीचे होऊन बसते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

‘फिट फॉर ड्यूटी’ या तीन शब्दांच्या सर्टिफिकेटवर माणसाला मशिनवर उभे करू नका. डॉक्टरांना त्याची ड्यूटी काय आहे ते माहीत नसते. अर्ध्या पानाचे कामाचे वर्णन त्याच्या हाती द्या: आठ तासांपैकी सहा उभ्याने, तासाला पंधरा वेळा १२ किलोचा जॉब उचलणे, आळीपाळीने रात्रपाळी, शीतक तेलाशी संपर्क. खाली प्रश्न लिहा. हे काम आजपासून पूर्ण करता येईल का? नसेल तर किती वजन, किती तास, किती आठवडे टाळावे? रात्रपाळी चालेल का? औषधांमुळे झोप किंवा चक्कर येण्याची शक्यता आहे का? पुन्हा तपासणी कधी? या पाच उत्तरांना निदान लागत नाही, त्यामुळे गोपनीयतेचाही प्रश्न येत नाही. ईएसआयच्या रुग्णाला शेवटचे सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचे लागते. खासगी डॉक्टरांचे वेगळे घेतले आणि तारखा जुळल्या नाहीत तर लाभाचे दिवस आणि हजेरीचे दिवस एकमेकांवर चढतात.

परत येताना

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या ऑपरेटरचे वेळापत्रक साधारण असे असू शकते, अर्थात डॉक्टरांच्या मर्यादांवर बेतून: पहिले दोन आठवडे जनरल शिफ्टमध्ये चार तास, तपासणी टेबलावर बसून, ५ किलोपेक्षा जास्त काही उचलायचे नाही, पुढचे दोन आठवडे सहा तास, पाचव्या आठवड्यात पूर्ण वेळ, पण लोडिंगला मदतनीस, आठव्या आठवड्यात पुन्हा तपासणी आणि मग रात्रपाळीचा निर्णय. हे एका कागदावर, तारखांसह, तिघांच्या सह्यांनी: कामगार, सुपरवायझर, एचआर. सुपरवायझरची सही महत्त्वाची, कारण तिसऱ्याच दिवशी गाडी भरायची वेळ आली की ‘जरा हात लाव’ म्हणणारा तोच असतो आणि पाठ पुन्हा धरली की सगळे पहिल्या दिवसावर येते.

पगाराचे इथे अडते. ईएसआय अर्ध्या दिवसाचा लाभ देत नाही. कामावर आला तो दिवस लाभातून गेला. अर्धा दिवस काम आणि अर्धा पगार असे केले तर कामगाराला घरी बसून मिळत होते त्याहून कमी पडते, आणि तो फिट असूनही आणखी पंधरा दिवसांचे सर्टिफिकेट आणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन आठवड्यांचा पूर्ण पगार द्यावा. १८,००० पगाराला २६ ने भागून दिवसाचे ६९२, अर्ध्याचे ३४६, बारा दिवसांचे सव्वाचार हजारांच्या आत. नव्या माणसाला शिकवण्यात यापेक्षा जास्त माल भंगारात जातो.

क्षयरोगाचे सांगायला हवे, कारण तिथे अडचण बहुधा रुग्णाची नसते, बाकीच्या चाळीस जणांची असते. औषधांना दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, पण योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांपासून संसर्गाचा धोका उरत नाही. कामावर कधी यायचे ते उपचार करणारे डॉक्टर थुंकीच्या तपासणीवरून सांगतात. सहा महिने घरी बसवण्याची गरज नसते. परत येण्याआधी खात्यातल्या लोकांना, कोणाचेही नाव न घेता, स्थानिक क्षयरोग केंद्रातल्या आरोग्य कर्मचाऱ्याकडून अर्ध्या तासाची माहिती द्या. कॅन्टीनमधला वेगळा ग्लास, वेगळे लॉकर असले प्रकार कडक शब्दांत थांबवा. गोळ्या चालू असताना तपासणीच्या दिवशी सुट्टी न मोजता दोन तास उशिरा येऊ द्या. गोळ्या मध्येच सुटल्या तर रोग औषधांना न जुमानणारा होतो. निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात महिन्याला १,००० रुपये थेट खात्यात येतात; नोंद झाली आहे का, एवढे विचारा.

नैराश्य किंवा तत्सम आजारातून परत आलेल्याला शारीरिक मर्यादा दिसत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण थकबाकी टेबलावर येते. कामाचा एक ठरावीक भाग द्या, महिनाअखेर आणि हिशेबाच्या तारखा पहिल्या महिन्यात टाळा. आणि झोप आणणारी औषधे चालू असतील तर फोर्कलिफ्ट, क्रेन, उंचीवरचे काम नाही. यात दयामाया नको.

उत्तरच येत नसेल तर

सर्टिफिकेट संपले, फोन बंद, घरी कोणी नीट सांगत नाही. आता पत्रव्यवहार सुरू. पहिले पत्र पोच मागवून स्पीड पोस्टने, रेकॉर्डवरच्या दोन्ही पत्त्यांवर, गावचा पत्ता धरून. सात दिवसांत कळवा. दुसरे दहा दिवसांनी. तिसऱ्यात चौकशीची तारीख. सोबत एखादा सहकारी घरी जाऊन येऊ दे. बऱ्याचदा माणूस गावी उपचार घेत असतो आणि पाकिटे बंद खोलीच्या दाराशी पडलेली असतात. परत आलेली पाकिटे फोडू नका, तशीच फाइलला लावा.

स्थायी आदेशांत (कंपनीच्या सेवाशर्तींच्या नियमांत) ‘रजा संपून आठ दिवसांत न आल्यास हक्क संपेल’ असे काही लिहिलेले असते आणि त्यावर विसंबून नाव काढले जाते. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज (१९९३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाजू मांडायची संधी न देता असे आपोआप नाव काढणे चालणार नाही. कृष्णकांत परमार प्रकरणात (२०१२) न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही. म्हणजे चौकशी करा, आणि चौकशीत त्याने दवाखान्याचे कागद आणले तर ते मान्य करून प्रकरण आजारपणाच्या फाइलवर परत आणा. ईएसआयचा लाभ चालू असताना तर बडतर्फीचा कागद काढूच नका. १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ नुसार अशा काळातली नोटीस अवैध ठरत असे, आणि संहिता आल्या म्हणून हे धाडस करून बघण्यात शहाणपण नाही.

परत येणे शक्यच नसेल तर

हा निष्कर्ष कंपनीने काढायचा नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मत आणि सरकारी किंवा ईएसआय रुग्णालयाच्या मंडळाचे मत, दोन्ही लेखी. त्यानंतर दुसरे काम आहे का ते खरेच शोधा आणि शोधल्याचे लिहून ठेवा: गेट नोंद, टूल रूमचा हिशेब, तपासणी, पॅकिंग स्लिप. सरकारी आस्थापनेवर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बंधनच घातले आहे, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येणार नाही, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागेल. खासगी कंपनीवर ते तसेच्या तसे लागू नाही, पण वीस किंवा जास्त माणसे असतील तर समान संधी धोरण तुमच्याकडे असायला हवे आणि त्यात काय लिहिले आहे ते तुमच्यावर बंधनकारक आहे. आनंद बिहारी प्रकरणात (१९९१) राजस्थानच्या एसटीने नजर कमी झालेल्या चालकांना काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पर्यायी काम द्यावे, ते जमत नसेल तर जादा भरपाई द्यावी, असा मार्ग आखून दिला. खासगी मालकालाही बोलणी करताना हाच मापदंड धरायला हरकत नाही.

राजीनामा लिहून घेऊ नका. तो घेतला की कामगाराचे पैसे बुडतात, आणि पुढे तो दबावाखाली दिला असे म्हटले की कंपनीही अडकते. आजारपणामुळे आलेल्या अपंगत्वाने नोकरी संपत असेल तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. चार वर्षे झालेल्या, ग्रॅच्युइटीसाठी १४,००० रुपये वेतन धरायच्या माणसाचे १४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ४, म्हणजे ३२,३०८ रुपये होतात. आजारपणाचा काळ सेवेतून वजा करायचा नाही. वेतन धरताना नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो, तेही तपासा. शिल्लक हक्काच्या रजांचे पैसे, देय असेल तो बोनस, आणि जमेल ती वाढीव रक्कम, असे एकच हिशेबपत्रक करून घरच्या माणसासमोर समजावून द्या.

आणि शेवटी पीएफच्या पोर्टलवर नोकरी संपल्याचे कारण टाकताना ‘कायमचे अपंगत्व’ हाच पर्याय निवडा. कायमच्या व संपूर्ण अपंगत्वाचे निवृत्तिवेतन १९९५ च्या योजनेत दहा वर्षे सेवा नसली तरी मिळते, एक महिन्याची वर्गणी पुरते. दावा फॉर्म १० डी वर, वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर. सवयीने दुसरे कारण टाकले गेले असेल तर दुरुस्तीचे पत्र कंपनीच्या सही-शिक्क्याने लागेल. ते त्याला मागायला लावू नका, आपणच पाठवा.